किल्ली आईच्या कमरेला

आमच्या दारात गाडी आली त्याच्या महिनाभर आधी मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यातली एक ओळ अशी होती: 'जमीन गेली आणि दारात चकचकीत गाडी आली, याला विकास म्हणत असाल तर त्या गाडीत बसून विहिरीवर पाणी भरायला जाऊन दाखवा.' ओळ मला फार आवडली होती. जाड अक्षरात छापून घेतली होती. पनवेलच्या एसटी स्टँडवर, खांदा कॉलनीच्या भाजीवाल्यांत, विचुंब्याच्या नाक्यावर ती पत्रकं मी स्वतः वाटली. एक प्रत घरी टीव्हीच्या वर पडून होती, ती बाबांनी वाचली की नाही मला ठाऊक नाही. दसऱ्याला त्यांनी गाडी आणली.

पांढरी, परदेशी कंपनीची. जीपसारखी उंच पण आखूड, आत चामड्याच्या खुर्च्या, मधोमध एक भला मोठा स्क्रीन. विकणारे तिला 'कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही' म्हणत होते. ज्या संघटनेसाठी मी पत्रकं लिहायचे, तिथली पोरं दोन दिवस येता-जाता गाडी बघून गेली. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलंच, "काय गं, पाणी भरायला कधी निघायचं?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मनातलं तोंडावर बोलायची मला सवय होती. ती अजून आहे. जेवताना मी बाबांना सांगितलं, "मी या गाडीत बसणार नाही."

बाबा भाताला कालवण लावत म्हणाले, "नको बसू. तुजी स्कूटी हाय की."

बाबांनी तीस वर्षं बंदरातून कंटेनरचे ट्रेलर चालवले. जमीन प्लॉटिंगला गेली तेव्हा भावांनी बंगले बांधले, लग्नं उडवली. बाबा वर्षभराने एवढंच म्हणाले, "जल्मभर दुसऱ्याची गाडी हाकली. एक आपली हाकून बघतो." यावर पत्रकात काय लिहिणार? मी चिडायची तेवढी चिडले.

गाडी घ्यायला आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो होतो. मी निषेध म्हणून गेले होते. टायवाल्या माणसाने वीस मिनिटं हिंदी-इंग्रजीत सगळं समजावलं आणि बाबा डॉक्टरसमोर हलवतात तशी मान हलवत राहिले. मग त्यांच्या हातात पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली देऊन फोटो काढला. खऱ्या किल्ल्या दोन, काळ्या, आगपेटीएवढ्या. त्या एका डबीत होत्या. बाबांनी डबी उघडूनही न बघता आईला दिली.

हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. घरातली किल्ली म्हटली की ती आईच्या कमरेच्या छल्ल्याला. कपाटाची, ट्रंकेची, मोटरच्या खोलीची, गावदेवीच्या भांड्यांच्या पेटीचीसुद्धा. गाडीच्या दोन्ही किल्ल्या तिने छल्ल्यात ओवल्या. "एक हरवली तर दुसरी असावी," म्हणाली, आणि दोन्ही एकाच जागी खोचल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ते जरा पुरोगामीच वाटलं. एवढी महागाची वस्तू, आणि तिच्या किल्ल्या बाईच्या ताब्यात.

गाडीला किल्ली फिरवायची जागाच नव्हती. एक गोल बटण होतं. ते दाबलं की गाडी चालू. किल्ली नुसती आत कुणाजवळ तरी असली की पुरे, हे टायवाल्याने सांगितलं असणार, पण ते मान हलवण्यात वाहून गेलं. बाबांनी आपला अर्थ लावला: बटण बोट ओळखतं. पहिल्या दिवशी त्यांनी उजव्या हाताची तर्जनी लावली आणि गाडी सुरू झाली, म्हणजे तिने तीच तर्जनी लक्षात ठेवली. शेजाऱ्यांना ते अभिमानाने सांगायचे, "दुसऱ्या कुनाचं बोट नाय चालत." एकदा ते एकटेच बसले तर गाडी हूं की चूं करेना. बाबांनी बोट हुंगलं, सकाळी कोलंबी सोलली होती. आत येऊन साबणाने हात धुतले. तोवर आई पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली होती. बटण दाबलं, गाडी चालू. झालं, सिद्धांत पक्का. त्या दिवसांत देवळं आणि नातेवाईक असेच दौरे चालले होते आणि आई प्रत्येक दौऱ्यात पुढच्या सीटवर होती. त्यामुळे बाबांचं बोट कधी फसलं नाही.

दुसरी गोष्ट मागच्या दाराची. मागच्या बंपरखाली पाय हलवला की डिकीचं दार आपोआप वर जायचं, दोन्ही हातांत सामान असलेल्या श्रीमंतांची सोय म्हणून. आई रोज सकाळी वाकून अंगण झाडायची. झाडू बंपरखाली गेला की दार हळूच वर. आई दचकून मागे. दार बंद करायची, पुन्हा झाडू, पुन्हा दार वर. बाबांनी केराचा झाडू घेऊन स्वतः प्रयोग केला तर दार ढिम्म. "तुज्यावर खूश हाय ती," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "मंग तिला सांगा, अंगण पन झाड."

तिसरी गोष्ट लिंबू-मिरचीची. दर शनिवारी बाबा पुढच्या जाळीला नवी लिंबू-मिरची बांधत. ती नेमकी पार्किंगच्या सेन्सरसमोर लोंबायची. गाडी सावकाश चालली की सेन्सरला लिंबू दिसायचं आणि गाडी पीं पीं पीं करत समोर धोका असल्याचं सांगायची. पहिले दोन दिवस बाबांनी खाली उतरून बघितलं. नंतर आम्हाला कुणालाच तो आवाज ऐकू येईनासा झाला. एकूण या गाडीतली हुशारी अशी आमच्या घरात रुळत होती. त्यात एक बाईही होती, स्क्रीनमधली, इंग्रजी बोलणारी. बाबा तिला एकदा "पलस्प्याला चल" म्हणाले तर तिने कुठल्यातरी परदेशी गावाचा रस्ता काढून दिला. आई म्हणाली, "तिला आपली बोली कलत नाय, नको तरास देऊ."

मी हे सगळं ओट्यावरून बघत होते. गाडीत बसले मात्र नव्हते.

मग तो शुक्रवार आला. पळस्पे ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी वाडी आहे. घरं वाडीत, विहीर शेतापलीकडे. मधून नवीन रस्ता निघणार होता, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच भिंत. नकाशावर विहीर होती, वाडी होती, दोन्हींच्या मधली पायवाट नव्हती. ज्याने नकाशा काढला त्याच्या घरी नळ असावा. पनवेलच्या भूसंपादन कचेरीत हरकती घ्यायची मुदत त्या शुक्रवारी पाच वाजता संपत होती. पाच वाजून एक मिनिटाने आलेला कागद म्हणजे रद्दी. वाडीतले लोक रोजंदारीवर पांगलेले, त्या एका दिवसाची मजुरी सोडून ते थांबणार होते. म्हणजे अंगठे मिळायचे तर त्याच दिवशी.

आणि त्या दिवशी सकाळी स्कूटीची एक्सिलरेटरची वायर तुटली. संघटनेची एकुलती एक मोटारसायकल उरणला गेलेली. मी अंगणात उभी राहून तीन फोन केले. बाबा गाडी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "सोडतो, चल."

मी मागच्या सीटवर बसले. मागे बसलं की आपण गाडीत नसतो, असं काहीतरी मला वाटत असावं. मांडीवर हरकतींचे कागद घेतले आणि स्टेपल मारत राहिले. पुढे आई. तिला खांदा कॉलनीत मामाच्या सुनेच्या डोहाळजेवणाला सोडायचं होतं. मामाच्या बिल्डिंगखाली बाबांनी गाडी चालूच ठेवली, आई उतरली. दार लागताच गाडी पीं पीं करायला लागली आणि स्क्रीनवर पिवळ्या रंगात किल्लीचं चित्र आलं, खाली इंग्रजीत दोन ओळी. मी ते चित्र पाहिलं. वाचलं नाही. भांडवलशाहीच्या खेळण्यांकडे मी तत्त्वाने दुर्लक्ष करत होते. बाबा म्हणाले, "लिंबू," आणि गाडी पुढे काढली.

वाडीवर पोहोचलो. बाबांनी पिंपळाखाली गाडी लावली, ऊन म्हणून चारही काचा उघड्या ठेवल्या आणि बटण दाबून बंद केली. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या पडवीत मी शाईचं पॅड उघडलं. सगळे तिला आजी म्हणत, मीही. पहिला अंगठा तिचाच. "कुठला? डावा?" "डावा, आजी." "डावा कामाचा नाय माजा, लागलेला हाय." "तरी डावाच लागतो." तिने अंगठा असा दाबला की कागद खाली सारवणाला चिकटला. एकेक करत एकेचाळीस झाले. प्रत्येकाला मी कागद वाचून दाखवत होते, नुसता अंगठा घेऊन पळणाऱ्यांतली मी नाही. बाबा पायरीवर बसून बघत होते. चळवळीच्या कामात ते पहिल्यांदाच एवढ्या जवळ आले होते. एरवी त्यांचं एकच वाक्य, "तुमच्या कागदात मला घेऊ नको." जमिनीच्या संमतीपत्रावर त्यांनी न वाचता सही केली होती. तेव्हापासून सही म्हटली की ते उठून बाहेर जायचे.

अडीच वाजले. वेळच वेळ होता. गाडीत बसलो, बाबांनी तर्जनी लावली. काही नाही. पुन्हा लावली. स्क्रीनवर तेच चित्र, आता लाल.

"बोट पुसा," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

बाबांनी रुमालाने बोट पुसलं, मग बटण पुसलं. मग मधलं बोट लावलं, मग अंगठा, मग डावा हात. आजी खिडकीत हात टेकून बघत होती. "त्याला पन अंगठा लागतो?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "मंग शाई लावून बघ."

मी वाकून स्क्रीन वाचला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. लिहिलं होतं, किल्ली सापडत नाही.

"बाबा, किल्ली कुठाय?"

"कंची किल्ली?"

मग आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे, माझी खात्री आहे, आईची कंबर आली.

आईला फोन लावला. तो पुढच्या दाराच्या खणात वाजला. मामाला लावला, मामाने मामीला लावला, मामीने आईला बोलावून आणलं. "किल्ली माज्याकडंच हाय. कुठं जाईल?" आई म्हणाली. "दोन्ही?" "दोन्ही. हरवतील म्हनून तर एकत्र ठेवल्यात." आणि मग, "रिक्षा करून येते. हिची ओटी भरून झाली की पाच मिंटांत निघते."

ओटीला लागणारी पाच मिनिटं मला माहीत होती. गाडीला कुलूप लागत नव्हतं, काचा वर जात नव्हत्या, तेव्हा बाबांना ती सोडून निघता येईना. "तू हो पुढे," ते म्हणाले. मी कागद छातीशी धरले आणि कच्च्या रस्त्याने हमरस्त्याकडे चालू लागले. डोक्यात नवीन पत्रक तयार होत होतं. 'जी गाडी पाय हलवला की दार उघडते, पाऊस पडला की आपण होऊन काच पुसते, तिला घरच्या बाईच्या कमरेशिवाय एक इंच हलता येत नाही.' पळस्प्यापर्यंत एका टेम्पोत पुढे बसून गेले, तिथून सहा आसनी रिक्षाने पनवेल. चारला दहा कमी असताना कचेरीत होते. मला वाटलं, जिंकले.

आवकचे कारकून वयस्क होते, निवृत्तीला आलेले. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी पहिला कागद पाहिला, मग चष्मा खाली घेऊन दुसरा.

"मॅडम, साक्षीदार कुठाय?"

"कसला साक्षीदार?"

"सही असती तर प्रश्न नव्हता. अंगठा आहे. हा अंगठा अमक्याचाच, माझ्यासमोर दिला, मी त्याला ओळखतो, अशी कोणाची तरी सही त्याच्याखाली लागते. प्रत्येक कागदावर."

"मी समोर होते. मी करते."

"तुम्ही सादर करणार, आणि साक्षीही तुमचीच?"

मी भांडले. आवाज चढवून भांडले, गरिबांच्या अंगठ्यावर तुमचा विश्वास नाही का, इथपर्यंत गेले. ते शांतपणे ऐकत राहिले. म्हणाले, "विश्वास नाही असं नाही. उद्या कुणी म्हणालं की हे अंगठे खोटे, तर वाडीवाल्यांची बाजू कोण घेणार? त्यासाठी आहे ते." सगळ्यात वाईट हे होतं की त्यांचं बरोबर होतं. चार वर्षं मी अंगठा उठवणाऱ्यांच्या बाजूने पत्रकं लिहीत होते आणि अंगठ्याखाली काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

सव्वाचारला मी बाबांना फोन केला. "किल्ली आली?"

"आत्ताच आली. आईनं जेवनाचे डबे पन आनलेत, वाडीत वाटतेय."

"बाबा, साक्षीदार लागतोय. अंगठे घेताना समोर होता असा." त्यांना आमच्या कागदात ओढणारं वाक्य मला घरात कधी म्हणता आलं नव्हतं. "तुम्ही होतात."

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या. आईचा आवाज येत होता, कुणाला तरी अजून एक पुरी घे म्हणत होती.

"सही?"

"एकेचाळीस सह्या."

"कितीपर्यंत चालू हाय ते?"

"पाच."

"येतो."

गाडी दिसण्याआधी ऐकू आली. कचेरीच्या अंगणात स्कूटर, एक सरकारी जीप, मध्ये हातगाडी. पीं पीं पीं करत पांढरी गाडी आत शिरली आणि चाळीस फुटी ट्रेलर मागे घेत आयुष्य काढलेल्या माणसाने स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता, मान बाहेर काढून, एका दमात ती उलटी लावली. पुढून आई उतरली, छल्ला खुळखुळत. मागून आजी उतरली. "माजा अंगठा हाय," म्हणाली, "मी नको?"

पंचवीस मिनिटं उरली होती. कारकुनांनी बाबांना विचारलं, "यांना ओळखता तुम्ही? सगळ्यांना?"

पावणेदोन तास बाबा त्या बंद गाडीत बसले होते आणि सगळी वाडी गाडी बघायला येऊन गेली होती. बाबांनी कागद हातात घेतले आणि नावं वाचायला लागले. "हा विहिरीजवलच्या घरातला, याची शेली माज्या बॉनेटवर चढली. ही त्याची भावजय, हिनं इचारलं गाडी उभ्यानं काय खाते. हा पलस्प्याला हमाली करत होता, माजा कंटेनर यानं दोनदा खाली केलाय, मला आज कललं. ही आजी तर हितंच हाय, बोटाला शाई हाय अजून, बघा."

आजीने अंगठा कारकुनांच्या चष्म्यासमोर धरला.

"पुरे, पुरे," कारकून म्हणाले. "सही करा. हात चालवा."

बाबांचा हात चालत नाही. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात, एकेक अक्षर गिरवत जातो. पहिल्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी तो पूर्ण वाचला. मी घड्याळाकडे बघत होते, पण त्यांना वाचू दिलं. संमतीपत्राच्या वेळी कुणी त्यांना वाचायला वेळ दिला असता तर, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या कागदावर मजकूर तोच आहे हे बघून ते थेट सहीवर गेले. मी कागद सरकवत होते, आई झालेले उचलत होती. पंधराव्याला कारकुनांना दया आली, "नुसती आद्याक्षरं केली तरी चालेल हो."

"नाय," बाबा म्हणाले. "लोकांनी अख्खा अंगठा दिलाय."

एकेचाळिसावी सही झाली तेव्हा पाचला चार मिनिटं होती. शिक्का पडला. कारकुनांनी पोच फाडून माझ्यापुढे केली, मग काय वाटलं कोण जाणे, हात वळवून बाबांना दिली. बाबांनी ती घडी न घालता आईकडे दिली आणि आईने ती सवयीने कमरेला खोचायला घेतली. मी म्हटलं, "आई, ती संघटनेची आहे." "मंग काय मी खानार हाय?" आई म्हणाली.

आजीला सोडायला आम्ही परत वाडीवर गेलो. मी पुन्हा मागेच बसले होते, या वेळी आजीला सोबत म्हणून. पळस्प्याच्या वळणावर गाडी लिंबाला घाबरून ओरडली आणि आजीने विचारलं, "ही रडते कशाला?" बाबा म्हणाले, "सवय हाय तिला." मग आजी माझ्याकडे वळली.

"मंग वाट राहील?"

एरवी मी यावर दहा मिनिटं बोलले असते. संघर्ष, एकजूट, सगळं. मी म्हटलं, "माहीत नाही, आजी. आता सुनावणीची तारीख येईल. तिथे नकाशा उघडायला लावायचा."

"तारीक कलली की सांगायला ये."

"येते."

"गाडीनं ये. आनि हिला आन," आईकडे बोट करून ती म्हणाली. "हिच्याशिवाय तुमचं काय चालत नाय."

ती उतरली आणि पिंपळाखालून विहिरीच्या बाजूला चालू लागली, संध्याकाळचं पाणी भरायचं होतं. बाबांनी तर्जनी बटणाजवळ नेली, थांबले, आईच्या कमरेकडे एकदा बघून घेतलं आणि मगच दाबली.